तिसरा रकाना

दर सोमवारी सकाळी मी यादी लावते. इंटरनेटवर आमचा मराठी ज्ञानकोश आहे, कुणीही लिहावा, कुणीही वाचावा असा. त्यातली आठवडाभरात सगळ्यात जास्त उघडली गेलेली पंचवीस पानं मी क्रमाने मांडते. पहिल्या रकान्यात पानाचं नाव, दुसऱ्यात ते किती वेळा उघडलं तो आकडा, तिसऱ्यात कारण. आकडा यंत्र देतं. कारण मी देते. या यादीपायी फेब्रुवारीत एका बाईचा पाय मोडला. तो कुणामुळे मोडला हे तिच्या जावेला तोंडावर सांगायला मला पंधरा दिवस लागले.

मी डेल्फिन घोन्साल्विस. अंधेरीच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, चालायला जातात, सुनेच्या मागे लागतात. मला सून नाही आणि गुडघे दुखतात, म्हणून मी ज्ञानकोशाच्या मागे लागले. कांदिवलीच्या गावठाणात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर, खिडकीशी संगणक ठेवून, सहा वर्षं मी मराठी माणूस काय वाचतो ते बघते आहे.

काय वाचतो? मेलेल्याला वाचतो. कुणी मोठा माणूस गेला की त्याचं पान एका दिवसात यादीच्या डोक्यावर बसतं. जिवंतपणी महिन्याला चाळीस जण फिरकत नव्हते, त्याच्याकडे मेल्यावर चाळीस हजार जातात. त्याखालोखाल मॅच. मग मालिका, म्हणजे नायिकेने मंगळवारी गरोदरपणाचं नाटक केलं की बुधवारी 'गर्भधारणा' पान वर. मग सण, आदल्या रात्रीपासून. मग परीक्षा. दहावीच्या मराठीच्या पेपरच्या आठवड्यात 'अलंकार' हे पान इतकं वाचलं जातं की मला वाटतं, महाराष्ट्र कवींनी भरून गेला. पेपर झाला की पुन्हा काळं कुत्रंही तिथे जात नाही. सहा वर्षांत मी एवढं शिकले, की लोक ज्ञानासाठी पान उघडत नाहीत. काहीतरी टोचतं, तेव्हा उघडतात.

आणि मला खोटं पान ओळखता येतं. काही लोक यंत्राकडून पान हजार वेळा उघडून घेतात, आपलं दुकान, आपला साहेब, आपलं गाव वर यावं म्हणून. त्यांच्यासाठी माझे नियम आहेत आणि ते मीच लिहिलेत. वाचणाऱ्यांत जवळजवळ सगळेच मोबाइलवाले असले, तर शंका घ्यावी, कारण खऱ्या वाचकांत थोडे तरी संगणकवाले असतात. आणि आकडा ठरावीक अंतराने चढत-उतरत असला, तर खुशाल काट मारावी. माणूस इतका नियमित नसतो. घाटकोपरचा निमेश आकडे तपासायला मला मदत करतो. तो एकदा म्हणाला होता की आंटी, माणूस पण कधीकधी नियमित असतो. मी त्याला म्हटलं, तुझ्या लग्नाला वर्ष झालंय, अजून दहा जाऊ देत.

'मनोरीची खाडी' हे पान डिसेंबरात यादीत घुसलं. एका आठवड्यात अकराशे वाचनं. मनोरीत कोणी मेलं नव्हतं, कुठली मालिका तिथे चालू नव्हती. पुढच्या आठवड्यात वाचनं चौदा. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत अकराशे. मग परत सोळा. शंभरातली अठ्ठ्याण्णव मोबाइलवरून. मी तीनदा काट मारली आणि चौथ्यांदा, एका सोमवारी, पानच उघडून बघितलं.

खाडीबद्दल सहा ओळी होत्या आणि खाली भला लांब तक्ता. वर्षभराच्या तिथ्या, गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत. पहिल्या रकान्यात भरती, दुसऱ्यात ओहोटी, तिसऱ्यात 'परतायची वेळ'. संदर्भ कसलाच नाही. अधूनमधून शेरे होते: 'वारा खालचा असला तर एक घटका आधी.' 'या दिवशी बारक्या खडकावर जाऊ नये.' कोण सांगतंय, कोणाला सांगतंय, काही पत्ता नाही. लिहिणाऱ्याने नावही टाकलं नव्हतं.

मला राग आला. ज्ञानकोश म्हणजे बसचं वेळापत्रक नव्हे, हे वाक्य नियमांच्या पानावर माझंच आहे. मी तक्ता पुसला, पानाला कुलूप लावलं की आम्हा चार-पाच व्यवस्थापकांशिवाय कुणाला बदलता येऊ नये, आणि वर ठळक सूचना चिकटवली: 'संदर्भहीन मजकूर काढला आहे. ज्ञानकोशाचा गैरवापर करू नये.' खाली सही केली. नाव-गाव घालून सही करायची मला पहिल्यापासून हौस, ग्रंथालयाच्या प्रत्येक पुस्तकावर माझी सही असायची. निमेशने फोनवर विचारलं की खातरी आहे ना. मी म्हटलं, घड्याळाच्या काट्यासारखं चढतं-उतरतं, ही काय माणसं आहेत? तो बरं म्हणाला.

त्या बुधवारी द्रौपदी आली नाही.

द्रौपदी मनोरीची कोळीण. बुधवार, शुक्रवार, रविवार ती आमच्या गावठाणात मासळीची पाटी घेऊन येते. बावीस वर्षं येते आहे. माझी आई शेवटच्या आजारात कोणाच्या हातचं खात नव्हती, तेव्हा हिने आणलेल्या कालवांचं सूप तेवढं तिच्या पोटात जायचं. माझ्या घरात हाक न मारता वर येणारी ती एकटीच. बुधवारी नाही, शुक्रवारीही नाही. ईस्टरआधीचे लेंटचे दिवस, शुक्रवारी मटण चालत नाही, मी डाळभात गिळला आणि द्रौपदीला मनात बऱ्याच शिव्या दिल्या.

रविवारी ती आली. पाटीत थोडा जवळा आणि चार बोंबील. दोन्ही पायांच्या पोटऱ्यांना कापडी पट्ट्या. ती नेहमीसारखी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि मी कालवांचं विचारण्याआधीच सांगायला लागली. ती सावकाश सांगत होती, आणि प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे बघत होती.

कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीही खोल जाते आणि किनाऱ्यापासून लांबचे खडक उघडे पडतात. त्या पाच-सहा दिवसांत बायका तिथे जाऊन कालवं फोडून काढतात. मधल्या आठवड्यात भांग असतो, पाणी फार हटत नाही, मग कोणी जात नाही. हे ती मला सांगत होती आणि मी मनात आकडे लावत होते. अकराशे, चौदा, अकराशे, सोळा. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर मी संतांचे सण पेन्सिलीने मांडते, आणि त्याच चौकटींत छापलेले काळे आणि पांढरे गोल दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे बघत होते.

खडकापर्यंत जायची अडचण नसते, ती म्हणाली. अडचण परत यायची. खडक आणि किनारा यांच्या मध्ये एक खोलगट जागा आहे. पाणी वळलं की आधी ती भरते. तुम्ही उंचावर बसलेल्या असता, समोर समुद्र लांब दिसतो, आणि पाणी पाठीमागून येतं. किती वाजता येतं ते रोज वेगळं. तिचा सासरा बळवंत साठ वर्षं त्या खडकांवर वावरला होता. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ तर तिकडे कोणीही काढतं, पण ती खोलगट कधी भरणार हे त्यालाच सांगता यायचं. गेल्या चैत्राआधी, दमा वाढला तेव्हा, तो रोज संध्याकाळी द्रौपदीच्या सुनेला, गंधालीला, पुढे बसवायचा. तो बोलायचा, ती मोबाइलवर लिहायची. चाळीस संध्याकाळी. तिने कुठे ठेवावं म्हणून ज्ञानकोशात ठेवलं, म्हणजे मोबाइल हरवला तरी जाणार नाही. तिला वाटलं तिथलं कोणी पुसत नाही. आषाढात बळवंत गेला. कोजागिरीनंतर कालवांचा हंगाम सुरू झाला, दिवाळीत एकीने दुसरीला दाखवलं आणि डिसेंबरपर्यंत मनोरी-गोराईच्या दीडशे बायका तेच पान बघून निघायला लागल्या.

"लिवता-वाचता नाय येत आमाला," द्रौपदी म्हणाली, "पन आकडे वलखतो. तिसरा रकाना बघायचा. तेवढंच काम."

सोमवारी रात्री गंधालीने पान उघडलं तर तक्ता नाही. लिहायला गेली तर पान घेईना. बुधवारी तृतीया होती. गंधालीने दुसरीकडून ओहोटीची वेळ शोधून दिली, सव्वाआठ. ती बरोबरच होती. पण ती ओहोटीची होती, परतायची नव्हती. साडेनऊला बायका उठल्या तेव्हा मागे कमरेएवढं पाणी. द्रौपदीची धाकटी जाऊ कमळ घसरली, तिचा पाय दोन खडकांच्या फटीत गेला आणि वरून लाट आली. द्रौपदीने तिला केसांना धरून ओढलं. कालवांच्या कपच्या ब्लेडसारख्या असतात. कमळला सत्तावीस टाके पडले आणि नडगीचं हाड मोडलं. ती तीन महिने जागेवरून हलणार नाही, आणि तिचं घर तिच्या पाटीवर चालतं.

बोलायची तीच वेळ होती, मला कळत होतं. मी पाटीतले बोंबील मोजत राहिले.

"तू शिकलेली बाय," द्रौपदी म्हणाली. "त्या मोबाइलातलं तुला कलतं. मना एवढा शोधून दे, कोनी काढला तक्ता."

मी म्हटलं, बघते.

ती गेल्यावर मी जवळा तसाच ओट्यावर ठेवला आणि संगणकासमोर बसले. ज्ञानकोशात काही मरत नाही. पुसलेलं सगळं जुन्या आवृत्त्यांत पडून असतं, एक बटण दाबलं की परत येतं. बटण दाबायला दोन सेकंद लागले. सूचना काढली, कुलूप काढलं. गैरवापर हा शब्द तेवढ्यात परत एकदा वाचला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. सहा वर्षं मी मराठी वाचक शोधत होते आणि तो आठवड्यातून तीनदा माझ्या जिन्यावर बसून बोंबील साफ करत होता.

अर्ध्या तासात निमेशचा फोन आला. त्याने बदल बघितला होता. तो रागावला नव्हता, पण नियम तुमचाच आहे आंटी, म्हणाला. संदर्भाशिवाय तक्ता ठेवला तर उद्या दुसरा कोणीतरी काढेल आणि तो बरोबर असेल. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला की त्या बाईंना सांगितलंत का. मी म्हटलं, सांगीन. त्याला सांगणं सोपं गेलं, कारण त्याच्या पोटरीला पट्ट्या नव्हत्या.

त्या सोमवारच्या यादीत मी पंचवीस पानं लावली आणि तिसऱ्या रकान्यात एकही शब्द लिहिला नाही. कोणी विचारलंही नाही.

बुधवारी द्रौपदी तिसऱ्या, म्हणजे बारके शिंपले, घेऊन आली, चांगले दीड वाटे. पैसे घेईना. तक्ता परत आला, म्हणाली, तू शोधलास म्हणून आला. मी नको नको म्हणत होते आणि ती माझ्याच पातेल्यात ओतत होती. कमळने पाठवल्यात, म्हणाली. एवढं झाल्यावर तरी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं आणि विचारलं की कमळला ताप आहे का. तिसऱ्या शिजवल्या, पण दोन घास खाऊन ताट सरकवलं. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती, अगदी आई गेल्यावर तिच्याशी भांडल्याची वाटली होती तेव्हाही नाही.

जाताना द्रौपदी दारात थांबली. म्हणाली, पुनवेनंतरच्या तृतीयेला तू ये आमच्याकडे. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. खडकावर चल, बघ एकदा. मी गुडघ्यांचं सांगितलं. ती म्हणाली, मी धरते ना.

गुरुवारी सकाळी मी मार्वेच्या धक्क्यावरून तरीच्या होडीने खाडीपलीकडे गेले. साडेसातला द्रौपदी रस्त्यावर उभी होती. तिने मला तिचे जुने कॅनव्हासचे बूट दिले, हात धरला आणि वाळूवरून, चिखलावरून, मग शेवाळलेल्या दगडांवरून नेलं. खोलगट मी कोरड्या पायांनी ओलांडली. कळलंही नाही की हीच ती. खडकावर चाळीसएक बायका वाकून काम करत होत्या, टोकदार लोखंडाने टकटक कालवं फोडत. प्रत्येकीच्या कमरेला प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला मोबाइल. एकजण मधेच सरळ झाली, पिशवीतूनच अंगठ्याने पान उघडलं, बघितलं, परत वाकली. ते एक वाचन. नंतर दुसरी. मी मोजत बसले. सहा वर्षं यादी करून मी एकाही वाचकाला वाचताना पाहिलं नव्हतं.

पावणेनऊला मला भीती वाटायला लागली. समोर समुद्र फर्लांगभर लांब, ऊन पडलेलं, सगळं शांत. मी माझा मोबाइल काढून पान उघडलं. तृतीया, परतायची वेळ नऊ पाच. पाच मिनिटांनी परत उघडलं. आकडा बदलणार थोडाच होता. तरी पुन्हा उघडलं.

द्रौपदी शेजारी येऊन बसली. आता बोलले नाही तर मी आयुष्यभर बोलणार नाही, असं मला वाटलं.

"द्रौपदी, तो तक्ता मी काढला होता."

तिने हातातलं कालव फोडलं, आतला मांसाचा गोळा डब्यात टाकला.

"ठावं हाय."

मी हातातला मोबाइल पालथा केला.

"पयल्या दिशीच गंधालीनं वाचून दावलं. खाली तुजं नाव होतं, कांदिवली पन होती." तिने दुसरं कालव घेतलं. "मी रविवारी तुला इचारायला नाय आलेली. तू सांगतेस का ते बघायला आलेली."

मग बुधवारच्या तिसऱ्या कशाला, मी विचारलं.

"ते कमळ बोलली. बोलली, खाऊ घाल, घशात अडकलं तर बोलेल." ती हसली नाही. "मना तर तुज्या दारात पाटी उलटी करायची होती. बावीस वर्सं येते मी तुज्याकडं, डेल्फिन. एक फोन करायचा होतास, हे काय हाय म्हनून."

मनोरीच्या पानाबद्दल मनोरीच्या बाईला विचारावं हे मला सुचलं नव्हतं. मला चूक झाली असं म्हणायचं होतं, पण ते एवढंसं होतं की म्हणवेना. मी तिचा ओला हात धरला. तिने तो सोडवला नाही, पण धरलाही नाही.

तेवढ्यात सगळ्या बायका एकदम उठल्या. कोणी हाक मारली नव्हती. नऊ पाच. मी समोर बघितलं, समुद्र तिथेच होता, जराही हललेला नव्हता. मग द्रौपदीने माझी हनुवटी धरून मान मागे वळवली. मघाशी कोरड्या पायांनी ओलांडलेल्या खोलगटीत दोन्ही बाजूंनी पाणी शिरत होतं, आवाज न करता, आणि मधोमध एकमेकांना भेटत होतं.

"ऊठ," ती म्हणाली, आणि आता तिने हात धरला, घट्ट. पाणी माझ्या पोटरीपर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. कमळ इथेच पडली, एवढंच ती मधे एकदा म्हणाली. वाळूवर पोचलो तेव्हा मी मागे पाहिलं. खोलगट नव्हतीच, सगळा समुद्र होता.

तक्ता पाडव्याला संपतो. बळवंतने पुढचं सांगून ठेवलेलं नाही. द्रौपदी म्हणते, ती खडकावरून सांगेल आणि मी लिहायचं, दर उधाणाला, वर्षभर. बूट माझ्याकडेच ठेवलेत. कमळच्या घरी मी दर रविवारी जाते. ती माझ्याशी बोलते, द्रौपदी अजून कामापुरतंच बोलते. निमेशला मी सांगितलं आहे की संदर्भाच्या जागी माझं नाव घाल, मी उभी राहून पाहिलेलं आहे, आणि कोणाला शंका असेल तर त्याला पुढच्या उधाणाला माझ्याबरोबर पाठव.

सोमवारी यादी लावली. एकोणिसाव्या क्रमांकावर 'मनोरीची खाडी', बाराशे चौसष्ट वाचनं. त्यातली सात माझी. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: 'पाणी भरायच्या आत घरी पोचायचं असतं.' खाली सही केली.